नवव्या दिवसाची स्पर्धा

फोन ऋतुजाचाच आला. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, हॉलमध्ये पोरं कोलांट्या मारत होती आणि मी नेहमीप्रमाणे कुणावर तरी ओरडत होते. "बाई, आज मी येत नाही," ती म्हणाली. मी तशीच कडाडले, "का? स्पर्धा आठ दिवसांवर आली आणि आज सुट्टी?" तर म्हणाली, "बाबा गेले. दुपारी, कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. हार्ट अटॅक." आणि मग अगदी रोजच्या आवाजात, "उद्याचंही नक्की नाही." अठरा वर्षांची पोर, बाप जाऊन चार तास झालेले, आणि ती मला रजा कळवत होती! कारण तिच्या बापानं तिला आठव्या वर्षापासून तेच शिकवलं होतं. यायचं नसेल तर बाईंना कळवायचं, बाई वाट बघतात.

त्याला आता दोन महिने होत आले. या दोन महिन्यांत विलास खुटवड या माणसाबद्दल लोक जे काही बोलले, ते ऐकून माझं डोकं फिरलंय. म्हणे, शांत स्वभावाचे होते. म्हणे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अहो, काय सांगता काय? दहा वर्षं या माणसानं माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या! पुण्यातल्या कितीतरी कॉलेजांच्या क्रीडा विभागांना त्यानं घाम फोडला. आवाज चढवत नसत, एवढंच खरं. शांतपणे छळायचे. अशा माणसाला 'गरीब बिचारा' करून टाकणं मला मान्य नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी विश्रांतवाडीत एका शाळेच्या हॉलमध्ये एकतीस वर्षं जिम्नॅस्टिक्स शिकवते आहे. एकतीस वर्षांत पालकांचा एकच प्रश्न ऐकला, "हिला पदक कधी मिळेल?" पोरगी सहा वर्षांची, अजून नाक पुसता येत नाही, आणि आईबापांना जिल्ह्याचं पदक हवं. ते मिळालं की राज्याचं. मग पोरगी दहावीला जाते आणि एका रात्रीत सगळं बंद. 'आता अभ्यास!' पदकं शोकेसमध्ये, गाद्यांवर घासलेले गुडघे आयुष्यभर तिच्यापाशी. हे असंच असतं असं मीही धरून चालले होते. खोटं कशाला बोलू, त्या पदकांवर माझंही नाव होत होतं.

खुटवड पहिल्यांदा आले ते आठ वर्षांच्या ऋतुजाला घेऊन. खडकीच्या कारखान्यात टूलरूममध्ये फिटर, तिथंच क्वार्टरमध्ये राहायला. कामावरून थेट आलेले, हाताला तेलाचा वास. मी पोरीचे खांदे बघितले, पाय बघितले, दोन उड्या मारायला लावल्या आणि मनात म्हटलं, सोनं आहे. तोंडानं म्हटलं, "दोन वर्षांत हिला राज्यावर नेते." दुसरा बाप असता तर पाया पडला असता. हे म्हणाले, "नको."

"नको म्हणजे?"

"बाई, ही वीस वर्षांची असताना हिचं मनगट कसं असेल, ते मला सांगा."

मला असा राग आला! मी काय ज्योतिषी आहे? पण माणूस हलेना. त्यांचं म्हणणं एकच होतं, मुलीनं कॉलेजात खेळायला हवं. तिथून मागं मोजत यायचं. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी ती स्पर्धेत उभी राहिली पाहिजे, तर बारावीला तिची पाठ कशी हवी, आठवीत काय शिकायला हवं, आणि आज, तिसरीत, काय अजिबात शिकवायचं नाही. यादीच मागितली त्यांनी माझ्याकडे, 'काय शिकवायचं नाही' याची. एकतीस वर्षांत अशी यादी मागणारा दुसरा पालक मला भेटलेला नाही.

त्याचं कारण मला पुढं चार वर्षांनी कळलं. कात्रजच्या पलीकडे त्यांचं गाव, आता महापालिकेत आलेलं. तिथल्या तालमीत हे लहानपणी मल्लखांब करायचे. अंगात इतकं होतं की गावच्या प्रत्येक उत्सवात, प्रत्येक पाहुण्यासमोर यांना खांबावर चढवायचे. थोरला भाऊ, आबा, पुढं उभा राहून टाळ्या घ्यायचा. पंधराव्या वर्षी खांदा निखळला तो कायमचा. "खेळ म्हणजे काय ते मला कळायला लागलं अठराव्या वर्षी," एकदा ते म्हणाले होते. "तेव्हा मी गॅलरीत बसून दुसऱ्यांचा बघत होतो. हिचं तसं नको, बाई." एवढं बोलले आणि उठून स्कूटर काढायला गेले. पुन्हा तो विषय कधी काढला नाही.

तर आम्ही सावकाश चाललो. माझ्या इतर मुली पदकं आणत होत्या आणि ऋतुजा आपली हँडस्टँड धरून उभी. लोक हसायचे. माझ्या बरोबरीचे शिक्षक विचारायचे, "काय हो, तुमच्या त्या खुटवडबाईचा मुहूर्त निघाला का?" मला ते झोंबायचं. आणि नववीत मी माती खाल्ली. राज्याच्या निवड चाचणीत, खुटवडांना न विचारता, मी तिला व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायची, एक नवी उडी मारायला लावली. दोन आठवड्यांची तयारी, आणि ती उडी त्या 'नाही'च्या यादीतली. पोरगी डाव्या कोपरावर पडली. आठ महिने गेले त्यात.

खुटवड ओरडले असते तर बरं झालं असतं. मी ओरडणारी बाई आहे, ओरडणं मला समजतं. ते महिनाभर काहीच बोलले नाहीत. मग एक दिवस हॉलच्या दारात थांबून म्हणाले, "बाई, हॉलमधलं तुम्ही ठरवा. घरातलं आम्ही ठरवू. दोन्हीच्या मधलं काही असेल तर मला विचारल्याशिवाय नको." मी हो म्हटलं. त्या दिवसापासून तो शब्द मी अक्षरशः पाळला. इतका पाळला की... असो, ते पुढं येईलच.

दहावीच्या वर्षी अख्खं खानदान तुटून पडलं. आबा तर गाडी काढून क्वार्टरवर आले, 'पोरीचं वाटोळं करतोय' म्हणून. खुटवडांनी चहा दिला आणि विचारलं, "दहावीला हातपाय काढून ठेवायचे असतात का?" ऋतुजा आठवड्यातले चार दिवस येत राहिली, कोपराला पट्टी बांधून. गुण बरे पडले. जगबुडी वगैरे काही झाली नाही.

आणि मग बारावीनंतर सुरू झाली कॉलेजांची वारीवर वारी. अकरावी-बारावीत ऋतुजानं राज्यावर नाव काढलं होतं, त्यामुळं खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश मिळणार हे उघड होतं. दोन मोठ्या कॉलेजांनी तर आपणहून निरोप धाडले होते. खुटवड साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे, आणि प्रत्येक ठिकाणी क्रीडा विभागात जाऊन एकच प्रश्न विचारायचे. एकदा मी बरोबर होते. भिंतभर चषक, काचेचं टेबल, सर एकदम खुशीत. "पक्की समजा हो ॲडमिशन! मुलगी आमचीच." खुटवडांनी विचारलं, "सर, याआधी तुम्ही कोट्यातून घेतलेली जिम्नॅस्ट मुलगी तिसऱ्या वर्षापर्यंत खेळली का?"

सरांना प्रश्नच कळेना. "तिसऱ्या वर्षाला? अहो, तिसऱ्या वर्षाला कोण उड्या मारतं? पहिल्या वर्षी पदक देतात, मग त्याही सुटल्या, आम्हीही सुटलो."

हे असं बोलतात! तोंडावर बोलतात, आणि वर चहा घेणार का विचारतात. मुलीचं प्रमाणपत्र हवं, अहवालात छापायला तिचा फोटो हवा, पण पुढल्या वर्षी सरावाला हजेरीची सवलत मागितली की 'बघू'. प्रवेशाचा फॉर्म वेळेत, स्पर्धेचा फॉर्म मात्र यांच्या टेबलावर पडून तारीख उलटलेली. माझ्या किती मुली अशा संपल्या ते माझं मला ठाऊक. मी त्यांना 'कंटाळा आला असेल' म्हणून सोडून दिलं होतं. खुटवडांनी हात जोडले, "येतो सर," म्हणाले, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हे नाही." असं सहा ठिकाणी झालं. मला लाज वाटायला लागली होती, की हा माणूस मुलीला घरी बसवणार बहुतेक.

सातवं कॉलेज लहान. नाव घेतलं तर तुम्हाला ते कुठं आहे हे सांगावं लागेल. तिथल्या खेळाच्या शिक्षिका शेलार मॅडम कॅरमच्या सोंगट्या मोजत बसल्या होत्या. प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, "खोटं कशाला सांगू? आमच्याकडे जिम्नॅस्टिक्सची मुलगी आजवर आलीच नाही. साधी गादी नाही आमच्याकडे. पण आली तर तिन्ही वर्षं तिचं नाव मी स्वतः पाठवीन आणि स्पर्धेला बरोबर येऊन बसेन. फॉर्म भरायला मी विसरत नाही." खुटवडांनी तिथल्या तिथं पेन काढलं. आबांनी नंतर भावकीत सांगितलं, की विलासनं नामांकित कॉलेज सोडून पोरीला कुठल्या आडगल्लीत घातली बघा.

सराव माझ्याकडे, नाव त्यांच्या कॉलेजचं, असं ठरलं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तारीख आली. तिथूनच विद्यापीठाचा संघ निवडतात, म्हणजे ती हुकली की ते वर्ष गेलं. दहा वर्षं सावकाश जपून आणलेली मुलगी अशी तयार होती की मला रोज दृष्ट काढावीशी वाटायची. बीमवर, त्या उंच, अरुंद पट्टीवर, ती आता विचार करत चालायची. लहान मुलीला ते जमत नाही, लहान मुलगी शिकवलेलं करून दाखवते. खुटवडांना काय दिसलं होतं ते मला तेव्हा दिसायला लागलं. आणि स्पर्धेच्या आठ दिवस आधी ते गेले.

चौथ्या दिवशी मी भेटायला गेले. वाटेत ठरवून गेले होते, की स्पर्धेचं बोलायचं. दोन खोल्यांचं क्वार्टर माणसांनी भरलेलं. ऋतुजाची आई, मंगलताई, कोपऱ्यात भिंतीशी बसल्या होत्या, शेजारी ऋतुजा. आबा खुर्चीवर. मी सतरंजीवर टेकते न टेकते तोच कुणीतरी माझी ओळख करून दिली, आणि आबांनी मी तोंड उघडायच्या आत सुनावलं, "त्या उड्याबिड्या आता नाय हां बाई. बाप जाऊन दहा दिस नाय झालं, सुतक हाय घरात, अन् पोरगी चड्डीवर चार लोकांत नाचनार व्हय? मला भावकीत तोंड दाखवायचं हाय."

खोलीत कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. मी! जिचा आवाज आळंदी रोडपर्यंत ऐकू जातो म्हणून पालक तक्रार करतात, ती मी मान खाली घालून सतरंजीची दशी ओढत बसले. मेलेल्या माणसाच्या घरी वाद घालायचा नसतो. आणि खुटवडांचा शब्द होताच, घरातलं आम्ही ठरवू. मधलं असेल तर मला विचारा. आता कुणाला विचारू? पंधरा मिनिटं बसले आणि उठले. दुःखाच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत, तशी न बोलता उठले. मंगलताई दारापर्यंत माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, बिचारी, दुःखात आहे.

नवव्या दिवशी स्पर्धा झाली. मी तिथं बीमच्या टेबलावर पंच होते. शेलार मॅडम सकाळी आठपासून हजर, हातात ऋतुजाचा छातीवर लावायचा नंबर आणि चार पिना. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "येईल ना हो?" मी मान हलवली, हो अशी की नाही अशी, मलाच ठाऊक नाही. दुपारी नाव पुकारलं. कॉलेजचं नाव, मग ऋतुजा विलास खुटवड. तीनदा पुकारतात. तिसऱ्यांदा पुकारून झाल्यावर माझ्यापुढच्या कागदावर तिच्या नावासमोर 'गैरहजर' मी माझ्या हातानं लिहिलं.

मला आता काही गोष्टी विचारायच्या आहेत, आबांना आणि आबांसारख्या सगळ्यांना. त्या दिवशी बारावीचा पेपर असता तर? पाठवली असती ना? नुसती पाठवली नसती, गाडीनं सोडली असती. बाप सरणावर आणि पोर परीक्षेला, अशी बातमी दर वर्षी छापून येते आणि आपण सगळे डोळे पुसतो. काय धीराची पोर, म्हणतो. तेव्हा सुतक कुठं जातं? पेपरला चालतं आणि बीमला चालत नाही? की मुलीचे उघडे पाय दिसतात म्हणून एकदम देवधर्म आठवतो? मला धर्म शिकवू नका. बापानं दहा वर्षं ज्या एका दिवसाची वाट बघितली, तो दिवस बापाच्याच नावानं मोडलात तुम्ही. कुणाच्या आत्म्याला शांती मिळाली त्यानं?

आणि कळस पुढंच आहे. तेराव्याला आबांनी गावच्या चौकात फ्लेक्स लावला. वर हात जोडलेले आबा, खाली भावकीतल्या चौदा जणांचे फोटो, कोपऱ्यात पासपोर्टएवढे खुटवड. आणि त्यांच्या नावाखाली छापलं होतं, 'क्रीडाप्रेमी व्यक्तिमत्त्व'. मी स्कूटर थांबवून वाचलं. एक माणूस शेजारी उभा होता, तो म्हणाला, "चांगले गृहस्थ होते." मी म्हटलं, "तुम्ही ओळखत होता का?" तर म्हणे, नाही.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी ऋतुजा हॉलवर आली. बरोबर मंगलताई. दहा वर्षांत त्या कधी आल्या नव्हत्या, तो खुटवडांचा प्रांत होता. ऋतुजानं स्पर्धेची निळी बॅग उघडली. ती बॅग खुटवडांनीच, जाण्याआधीच्या रविवारी, भरून ठेवली होती. कपडे, पिना, मनगटाची चिकटपट्टी. चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवलेलं, घाईत नखानं शोधत बसायला लागू नये म्हणून. फिटर माणूस. पोरीनं ते टोक धरून ओढलं, मनगट बांधलं, पट्टी कापली, आणि नवं टोक तसंच दुमडून बॅगेत ठेवलं. गाद्या टाकायला गेली.

मी मंगलताईंजवळ बसले आणि आबांवर तोंडसुख घ्यायला लागले. मनातलं सगळं ओकले. त्यांनी ऐकून घेतलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "बाई, स्पर्धेच्या दिवशी ही पहाटे साडेपाचला उठून, अंघोळ करून, बॅग घेऊन बसली होती."

मी ऋतुजाकडं बघितलं. ती पलीकडे गाद्या ओढत होती.

"तुम्ही चौथ्या दिवशी आलात, आबा एवढं बोलले, तरी तुम्ही गप्प. मी तुमच्याकडंच बघत होते. मला वाटलं, बाई ओरडल्या नाहीत म्हणजे त्यांचं काहीतरी ठरलंय, त्या न्यायलाच येणार. हिलाही मी तेच सांगितलं. मला एकटीला नव्हतं हो बळ, पण तुम्ही दारात आला असतात तर आबांना म्हणणार होते, बाई घेऊन गेल्या. तुमच्यापुढं ते बोलले नसते... अकरा वाजेपर्यंत बसली होती ती. मग तिनं स्वतःच बॅग आत ठेवली."

त्या रागानं बोलत नव्हत्या. रागानं बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. ऋतुजाला यातलं मी काही विचारलं नाही, तिनंही काढलं नाही. ती रोज येते. तिची अजून दोन वर्षं आहेत, शेलार मॅडम आहेत, मंगलताई आता रोज बरोबर येतात. आणि आबांवरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही, होणारही नाही.

पण त्या दोघींना मी एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी खडकीवरूनच गेले होते. त्यांच्या क्वार्टरच्या फाटकासमोरच्या सिग्नलला थांबले होते, सात वाजून वीस मिनिटं झाली होती, स्कूटरची मागची सीट रिकामी होती. मी फाटकाकडं बघितलंसुद्धा. मग सिग्नल सुटला आणि मी निघाले.